कप आला, पण फोटोत सतराच पोरं आहेत (आमच्या कॉलेजचा फुटबॉल हंगाम)

तिसरेगेट | १५ डिसेंबर, रात्री ९.२०

परवा आमच्या कॉलेजच्या पोरांनी आंतरमहाविद्यालयीन फुटबॉलचा कप आणला. अंतिम सामना १-०. कॉलेजचं नाव मुद्दाम लिहीत नाही, पोरांची तर नाहीच. बेळगावात मैदानावर येणाऱ्यांना कळायचं ते कळेल.

मी या संघातून खेळून बाहेर पडलो त्याला बरीच वर्षं झाली. आता टिळकवाडीत दुकान सांभाळतो आणि संघाबरोबर फिरतो. बॉल, पाणी, बर्फ, गाडी ठरवणं, विद्यापीठाचे एलिजिबिलिटी फॉर्म, पोरांना निरोप देणं, हे माझ्याकडं. खेळ शिकवणं सरांकडं. त्यामुळं हा हंगाम मी रेषेवर उभं राहून बघितलाय.

पहिला सामना ऑगस्टच्या शेवटी झाला. आपल्याकडचा पाऊस माहीतच आहे. लाल मातीचा असा रबडा की दहा पावलांवर दिलेला पास मध्येच रुतून बसायचा. तो सामना बरोबरीत सुटला. त्यानंतर मात्र एकही सामना सोडला नाही. लोक गोल करणाऱ्यांची नावं घेतात, पण हा हंगाम आमच्या डिफेन्सनं काढला. त्यातही उजवी बाजू. तिकडून आत शिरायला कुणाला जमलंच नाही.

त्या उजव्या बाजूचा पोरगा उपांत्य सामन्यात बेंचवर होता आणि फायनललाही बेंचवरच होता.

काल कपाचा फोटो फ्रेम करून आणला. दुकानात लावायला खिळा मारला आणि सहज मोजले. सतरा. यादीत अठरा होते. तो नव्हता. बक्षीस समारंभाला उशीर झाला आणि तो शेवटची गाडी पकडायला निघून गेला होता. मला ते तिथं जाणवलंही नाही. फ्रेम अजून काउंटरवरच पडून आहे.

झालं होतं असं. ऑक्टोबरपर्यंत सराव संध्याकाळी असायचा. मग मैदानावर टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा सुरू झाल्या, मांडव पडले, आणि आमचा सराव पहाटे सहाला गेला. सरांनी नियम केला, तीनदा उशीर झाला की पहिल्या अकरात नाही. हा पोरगा कणकुंबीच्या अलीकडच्या गावातला. गावातून पहाटे निघणारी वस्तीची गाडी बेळगावात पोचते सव्वासातला. तीन उशीर आठवड्यात भरले.

दुसरीकडं आमचे पुढचे दोघं सलग तीन रविवार बाहेरच्या स्पर्धा खेळायला गेले. पैसे मिळतात. ते सांगून गेले म्हणून त्यांना नियम लागला नाही.

मी तेव्हा काही बोललो नाही. कप आल्यावर बोलतोय, हे मला कळतंय. तरी विचारतो, तुम्हाला काय वाटतं?

गणपतगल्ली | १५ डिसेंबर, रात्री ९.४१

पोरांचं अभिनंदन! फायनल बघितली. गोल काय झाला गा, कॉर्नरवरून आलेला बॉल जमिनीवर पडूच दिला नाही.

निपाणीकर | १५ डिसेंबर, रात्री १०.०५

अभिनंदन. एक स्पष्ट विचारतो, राग मानू नका. यात मराठी-कन्नड काही आहे का? आपल्या भागात संघ फुटला म्हटलं की पहिलं तेच मनात येतं.

तिसरेगेट | १५ डिसेंबर, रात्री १०.३०

राग कशाला. सगळे हेच विचारतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आमच्या संघात घरी मराठी बोलणारे जास्त, कन्नड बोलणारे पाच, दोघांच्या घरी उर्दू, एकाच्या कोकणी. मैदानावर सगळ्यांची मिळून एकच भाषा. गोली मागनं ओरडतो, "हिंद नोडो, मागं माणूस हाय, बिडू बिडू, सोड!" एका दमात दोन भाषा. मिडफिल्डर "कोडो" म्हणून बॉल मागतो आणि मराठी पोरगा देतो. पहिल्या वर्षाला आलेल्या पोराला आठवड्यात सवय होते.

यंदाच्या १ नोव्हेंबरचं सांगतो. सुट्टी होती म्हणून त्या दिवशी सराव संध्याकाळी ठेवलेला. सकाळी आमची काही पोरं काळ्या दिनाच्या (बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधाच्या) सायकल फेरीला गेली होती. काही राज्योत्सवाच्या, म्हणजे कर्नाटक स्थापना दिनाच्या मिरवणुकीत होती. चन्नम्मा सर्कलकडचे रस्ते बंद, त्यामुळं सगळी गल्लीबोळातून, कुणी चालत, कुणी सायकल ढकलत आली. एकाच्या दंडाला काळी फीत, एकाच्या गळ्यात लाल-पिवळा गमछा. सर काहीच बोलले नाहीत. ज्याच्या गळ्यात गमछा होता त्यानं तो काढून घडी घातली आणि किटच्या पिशवीत टाकला. फीतवाल्याला गाठ सुटेना. ती यानंच दातानं सोडवून दिली आणि त्याच पिशवीत टाकली. मग शिनगार्ड बांधले आणि दीड तास खेळले. मी त्या पिशवीशेजारी उभा होतो.

मतं कुणी सोडली नाहीत. १९५६ पासून चाललेली सीमावादाची गोष्ट पोरं मैदानावर सोडवायला येत नाहीत, एवढंच. आमच्यातली फूट त्या रेषेवर नव्हती. शहरातली पोरं आणि बसनं येणारी पोरं, ती रेषा होती. बसनं येणाऱ्यांत मराठीही होते आणि कन्नडही.

जुनागोली | १५ डिसेंबर, रात्री ११.१०

मी सरांच्या बाजूनं बोलणार.

राणी चन्नम्मा विद्यापीठ झालं २०१० मध्ये. त्याआधी आपण धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाखाली. पहाटेची पॅसेंजर धरून धारवाडला जायचं, स्टेशनवरच तोंड धुवायचं आणि सामन्याला उभं राहायचं. उशिरा आलेल्याला आमचा कॅप्टन घरी पाठवायचा, कारण विचारायचा नाही. फुटबॉल हा अकरा जणांनी एका वेळी श्वास घ्यायचा खेळ आहे. चार जणांच्या डिफेन्समधला एक सरावाला नसला तर ऑफसाइडची रेषा कोण धरणार? बाकीचे तिघं वर सरकतात आणि हा मागं राहतो, की झाला गोल.

पोराची अडचण खरी असेल. पण सरांनी एकाला सूट दिली की उद्या सतरा कारणं येतात.

पेठेतला | १६ डिसेंबर, सकाळी ८.१५

कोल्हापुरातून. आमच्याकडं शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि प्रॅक्टिस या दोन संघांची मॅच असली की अख्खं शहर दोन भागात उभं राहतं. बेळगावची पोरं इकडं खेळून गेलेली आम्ही बघितलीत, चांगली असतात. तालमीच्या फुटबॉल संघात बाहेरचा खेळाडू आणला की त्याला पैसे मिळतात, आणि ते योग्यच आहे. तो घाम गाळतो, दुखापत झाली तर डॉक्टरचा खर्च त्याचा.

म्हणून त्या दोघांना दोष देऊ नका. घरी गरज असेल. पण जुनागोली काकांना विचारतो, मग त्या तीन रविवारी सरावात बॉल कोण पुढं नेत होतं? उशीर हा दोष आणि गैरहजेरी ही रजा, हे कसं?

जुनागोली | १६ डिसेंबर, सकाळी ९.०२

@पेठेतला, हा मुद्दा बरोबर आहे. त्याला माझ्याकडं उत्तर नाही.

डावाबॅक | १६ डिसेंबर, दुपारी १.३०

मी या संघात आहे. तिसरेगेट दादांना कळेल मी कोण ते. त्या पोराबद्दल सांगतो, कारण चार महिने आम्ही दोघं एकाच रेषेवर उभे होतो, तो उजवीकडं, मी डावीकडं.

तो कॉलेजला येईपर्यंत फुटबॉल खेळलेलाच नव्हता. कबड्डी खेळायचा, कव्हरला. पहिल्या दिवशी बॉल पायात आला की धडपडायचा, आम्ही हसलो होतो. पण समोरून विंगर येऊ दे. आम्ही सगळे बॉलकडं बघतो, तो बघायचा समोरच्याच्या कमरेकडं आणि पायाकडं. रेडर कुठल्या पायावर वळणार हे ओळखायची सवय. विंगर कितीही चुकवाचुकवी करू दे, हा जागचा हलायचा नाही, आणि त्यानं वजन टाकलं रे टाकलं की एक पाऊल पुढं घेऊन बॉल काढून घ्यायचा. स्लाईड नाही, फाउल नाही. सर आम्हाला त्याच्याकडं बघून शिका म्हणायचे. सर वाईट नाहीत, हे मला आधी लिहायला पाहिजे होतं.

उशिराचं म्हणाल तर सहाला पोचायचं म्हणून तो काही दिवस दुधाच्या टेम्पोत बसून आला. साडेचारला निघायचा. कॅनच्या मध्ये उभा राहून. ज्या दिवशी टेम्पोत जागा नसायची त्या दिवशी वस्तीची गाडी. पोचल्यावर मैदान रिकामं करायला दहा-पंधरा मिनिटं उरलेली असायची. तेवढ्यासाठी बूट बांधायचा.

कॅप्टननं त्याला वडगावला आपल्या घरी राहायला बोलावलं होतं. तो नको म्हणाला. सकाळच्या धारा घरी तो आणि आईच काढतात, वडील कामाला जातात. आम्ही त्याला परत विचारलं नाही. त्यातच चुकलं असं वाटतं. दोन गट तेव्हाच पडले. सरावानंतर शहरातली पोरं एका टपरीवर आणि बसवाली दुसरीकडं. बॉल पास करायचो, पण बोलायचो नाही. उपांत्य सामन्याच्या मध्यंतराला पाण्याच्या बाटल्यासुद्धा वेगवेगळ्या होत्या.

तरी जिंकलो. कसं, ते मलाही सांगता येत नाही.

सांबऱ्याचा वारा | १६ डिसेंबर, दुपारी ३.५०

आमच्या घरी कन्नड. मराठी शेजारपाजाऱ्यांकडून शिकलोय, चुकलं तर सांभाळून घ्या. माझा मुलगा या संघात मिडफिल्डला आहे.

सरांबद्दल दोन गोष्टी सांगायला पाहिजेत. एक, मैदान सकाळी साडेसातपर्यंतच मिळतं, नंतर शाळेच्या मुलांची कवायत असते. सहाच्या जागी सातला सुरू करणं त्यांच्या हातात नव्हतं. नोव्हेंबरात सहाला धड उजाडलेलंही नसतं, बॉल दिसत नाही, म्हणून आधी धावणं उरकून घेत. दुसरं, गेल्या वर्षी पोरं मनाला येईल तेव्हा यायची, शेवटच्या दहा मिनिटांत पाय उचलत नव्हते, आणि पहिल्याच फेरीत बाहेर पडलो. त्यातून हा नियम आला. यंदा शेवटच्या दहा मिनिटांत आमची पोरं पळत होती, हे सगळ्यांनी बघितलंय.

पण माझा मुलगा घरापासून मैदानावर स्कूटरनं दहा मिनिटांत पोचतो. त्याचा एकही उशीर नाही याचं मी घरी कौतुक करत होतो. काल हा धागा वाचल्यापासून ते कौतुक घशात अडकलंय.

मलप्रभाकाठ | १६ डिसेंबर, रात्री ८.३५

मी खानापूर तालुक्यातली. कॉलेज बेळगावात, रोज ये-जा करून केलं. बाहेरच्यांसाठी सांगते, वस्तीची गाडी म्हणजे रात्री शेवटची फेरी घेऊन गावात येते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथंच झोपतात, आणि पहाटे तीच गाडी पहिली फेरी म्हणून परत निघते. ती चुकली की जांबोटीपर्यंत कुणाच्या तरी मागं बसून जायचं. पावसाळ्यात रस्त्यावर झाड पडलं की तेही नाही. भीमगड अभयारण्याच्या बाजूची गावं आहेत, कॉलेजसाठी एवढ्या लांब येणारी पोरं तिथं मोजकी.

मी शाळेत खो-खो खेळायचे. तालुक्याला नंबर आला होता. कॉलेजच्या संघात निवडही झाली. सराव सुटायचा साडेसहाला, आमची गाडी पावणेसातची. पंधरा मिनिटांत मैदानावरून स्टँड. दोन महिने पळत गेले. एकदा गाडी चुकली, रात्री दहाला घरी पोचले, दुसऱ्या दिवशी खेळ बंद. मला कुणी काढलं नव्हतं. माझं नाव यादीतून आपोआप गेलं.

शहरातली पोरं पाचवी-सहावीपासून फुटबॉल खेळतात. कॅम्पात सेंट पॉल्सच्या मैदानावर फादर एडी स्पर्धेला शाळाशाळांचे संघ उतरतात, तिथं लहानपणीच सामन्याची सवय होते. आमच्या गावातल्या शाळेत मैदान म्हणजे शाळेपुढचं अंगण. त्यात कबड्डी आणि खो-खो बसतं, फुटबॉल बसत नाही. तिथून येऊन एखादा संघाचा राईट बॅक होतो याची किंमत शहरात राहणाऱ्याला कळायला वेळ लागतो.

नियम सगळ्यांना सारखा होता, मान्य. पण घड्याळ सारखं नव्हतं हो.

गणपतगल्ली | १६ डिसेंबर, रात्री ९.१०

ताई, +१. आणि फायनलला पाच बदल करायची मुभा होती. १-० नं पुढं असताना, समोरचे सगळे आमच्या उजव्या बाजूनं चढत असताना, शेवटच्या दहा मिनिटांत तरी त्याला आत घ्यायला पाहिजे होता. नियम पहिल्या अकराचा होता, बदलीचा नव्हता.

तिसरेगेट | १६ डिसेंबर, रात्री १०.००

मी रेषेवरून सरांना तसं सुचवलं होतं. ते म्हणाले, "आता नको, पोरगं मनानं इथं नाहीये." तेव्हा मला ते पटलं नाही. तो मनानं तिथं का नव्हता, हे मी विचारायला पाहिजे होतं.

दोन नंबर | १८ डिसेंबर, दुपारी ४.१५

नवीन सभासद आहे. मित्रानं धागा दाखवला. माझ्याबद्दल बरंच लिहिलंय म्हणून लिहितोय.

सरांवर माझा राग नाही. नियम मला माहीत होता. तिसऱ्या उशिराला मी स्वतः सरांना म्हणालो, सर तीन झाले. फायनलनंतर रुसून गेलो असंही नाही, गाडीची वेळ झाली होती. कप मी हातात घेतला होता, समारंभाच्या आधी, टेबलावर ठेवलेला असताना. जड आहे.

मला वाईट वाटलं ते उपांत्य सामन्याला. बाहेर बसवल्याचं नव्हे. संघाची यादी आदल्या रात्री ग्रुपवर आली, पावणेअकराच्या पुढं. आमच्या गावात मोबाईलला रेंज नसते, रेंज पाहिजे तर टेकडीवर जावं लागतं. रात्री अकराला टेकडीवर कोण जातंय? तिसरा उशीर झाला होता, पण सर म्हणाले होते बघू, म्हणून मला वाटलं एखादे वेळेस खेळवतील.

त्या दिवशी माझे वडील आले होते. त्यांनी मला फुटबॉल खेळताना कधी बघितलं नव्हतं. एक दिवसाचं काम सोडून, धुतलेला सदरा घालून माझ्याबरोबर पहाटेच्या गाडीनं आले. जर्सी वाटताना मला दोन नंबर मिळाला नाही, तेव्हा मला कळलं. ते झाडाखाली बसले होते. मी जाऊन सांगितलं. ते म्हणाले, बरं, आलोय तर बघून जाऊ. पूर्ण सामना बघितला. जाताना गाडीत विचारलं, तू कुठं उभा राहतोस ते दाखव की. मी तिकिटाच्या मागं मैदान काढून दाखवलं.

फायनलला ते आले नाहीत. सर म्हणाले ते बरोबर आहे, मी मनानं तिथं नव्हतो.

मलप्रभाकाठ | १८ डिसेंबर, दुपारी ४.४०

बाळा, ते तिकीट जपून ठेव.

तिसरेगेट | १८ डिसेंबर, रात्री ११.३०

दुकान बंद करून लिहायला बसलोय. संध्याकाळपासून तीनदा लिहून खोडलं.

ती यादी ग्रुपवर मी टाकली होती.

सरांनी मला अकरा नावं संध्याकाळी पाचला फोनवर सांगितली होती. "सगळ्यांना कळव, विशेष करून त्याला," असं वेगळं सांगितलं होतं. दुकानात गिऱ्हाईक होतं. मग घरी पाहुणे आले. जेवण झाल्यावर आठवलं तेव्हा पावणेअकरा वाजून गेले होते. ग्रुपवर टाकलं, दोन निळ्या खुणा दिसल्या नाहीत, तरी झोपलो. पाचला कळवलं असतं तर तो तेव्हा बेळगावातच होता, पावणेसातची गाडी सुटायची होती. वडिलांना आणायचं की नाही ते त्यानं ठरवलं असतं.

पंधरा तारखेला मी इथं लिहिलं तेव्हा नियमाबद्दल लिहिलं, सरांबद्दल लिहिलं, पुढच्या दोघांबद्दल लिहिलं. निरोप देणं माझ्याकडं, हेही मीच लिहिलं, आणि तरी मला ते दिसलं नाही. पोरा, माझं चुकलं. तुझ्या वडिलांना भेटायला मी येणार आहे, रविवारी, तुमची हरकत नसली तर.

सरांशी आज बोललो. जानेवारीत क्रिकेटचे मांडव निघाले की मंगळवार आणि गुरुवार संध्याकाळी पाच ते सव्वासहा मैदान मिळतंय. सव्वासहा म्हणजे पावणेसातच्या गाडीला अर्धा तास. बाकीचे दिवस सकाळीच, पण त्या दिवसांना उशिराची मोजणी नाही, असं सर म्हणाले. बाहेर खेळायला जाणाऱ्यांची गैरहजेरी मात्र यापुढं मोजायची. पुढच्या दोघांपैकी एकानं लगेच हो म्हटलं. दुसरा अजून काही बोललेला नाही.

संघाची यादी आदल्या दिवशी दुपारी चारच्या आत जाहीर करायची, हे माझ्याकडं. ग्रुपवर टाकून भागणार नाही. तुमच्या गावात कुणाकडं लँडलाईन आहे का? किंवा दुकानात निरोप ठेवला तर मिळेल?

दोन नंबर | १९ डिसेंबर, सकाळी ७.५०

दादा, या की रविवारी. आईला सांगून ठेवतो.

लँडलाईन बंद पडून बरीच वर्षं झाली. फोन नको. मी त्या दिवशी कॉलेजला आलो नसलो तर पावणेसातच्या आधी स्टँडवर जाऊन कंडक्टर मामांकडं चिठ्ठी द्या. ते रात्री आमच्याच गावात वस्तीला असतात, जेवायला आमच्या शेजारच्या घरी येतात.